ऱ्होनचे दीड अंश

फ्रान्समध्ये लियों शहराच्या वरच्या अंगाला, ऱ्होन नदीच्या काठी ब्युजे अणुवीज केंद्र आहे. तिथली पहिली अणुभट्टी १९७२ मध्ये सुरू झाली आणि १९७८-७९ मध्ये सुमारे ९०० मेगावॅटच्या आणखी चार आल्या. अशा केंद्रातली जेमतेम एक तृतीयांश उष्णता विजेत उतरते, उरलेली कुठेतरी सोडावीच लागते. चारपैकी दोन अणुभट्ट्यांना शीतकरण मनोरे आहेत. बाकीच्या दोन आपली उष्णता थेट नदीत सोडतात. याच सुमारास, १९७८ मध्ये, युरोपीय समुदायाने माशांसाठी पाण्याच्या तापमानाचे नियम केले. रोहू-कटल्याच्या कुळातल्या माशांच्या पाण्यात वाढ ३ अंशांहून अधिक नको आणि पाणी २८ अंशांपलीकडे जायला नको, असे ते नियम. पहिले माप केंद्राच्या वरच्या पाण्याशी तुलना करते, म्हणजे ते पाणी आहे तसेच राहील असे गृहीत धरते. माझ्या मते ऱ्होनचा इतिहास नेमके हेच गृहीतक खोडून काढतो.

दॉफ्रेन आणि सहकाऱ्यांनी १९७९ ते १९९९ या काळातल्या ब्युजेजवळच्या नोंदींचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्या वीस वर्षांत केंद्राच्या वरचे पाणीच सरासरी सुमारे दीड अंशाने तापले होते. थंड पाण्यातला डेस मासा मागे पडत गेला आणि ऊब मानवणारे चब व बार्बेल त्याच्या जागी आले. डेस वसंताच्या आरंभीच, पाणी गार असताना अंडी घालतो. चब आणि बार्बेल उशिरा, पाणी तापल्यावर. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, २५ अंशांना सुमारे ८, आणि तापलेल्या पाण्यात माशाची प्राणवायूची गरज तर वाढते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. हा बदल मुख्यतः हवामानामुळे झाला, असे खुद्द अभ्यासकांनीच म्हटले आहे, मग केंद्राला दोष का द्यायचा? दोष ठरवण्याचा हा प्रश्नच नाही. हवेने आधीच दीड अंश खाल्ले असतील, तर केंद्राच्या वाट्याला तेवढे कमी उरतात. डेसला कोणता अंश कोणाचा हे कळत नाही. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. विणीच्या काळात प्रवाह कमी आणि पाणी उबदार असलेल्या वर्षांत माशांची संख्या उलट जास्त आढळली. पण एकूण संख्या टिकली म्हणून जाती टिकल्या असे होत नाही. त्या कोणत्या, हे मोजल्याखेरीज नदीचे नुकसान दिसतच नाही.

खरी कसोटी उन्हाळ्यात लागली. २००३ आणि २०२२ च्या उष्म्यात, विजेची निकड सांगून फ्रान्सने काही अणुकेंद्रांना तापमानाच्या मर्यादांतून तात्पुरती सवलत दिली. २०२२ च्या यादीत ब्युजेही होते. नदी सर्वांत दुबळी असते, नेमकी तेव्हाच मर्यादा सैल होते. मनोऱ्यांना खर्च आहे, त्यांतून पाण्याची वाफ होते, हे खरेच. तरी त्याच आवारातल्या दोन अणुभट्ट्या मनोऱ्यांवर चालतात, तेव्हा पर्याय नव्हता असे म्हणता येत नाही.

भारतात १ जून १९९९ नंतरच्या, नदीचे पाणी वापरणाऱ्या औष्णिक केंद्रांना शीतकरण मनोरे सक्तीचे आहेत, ही मोठी जमेची बाजू. पण सांडपाण्याचे सर्वसाधारण मानक आजही ‘नदीच्या पाण्यापेक्षा ५ अंशांहून अधिक नको’ असेच फरकाच्या भाषेत लिहिलेले आहे. त्यात नदीच्या कमाल तापमानाची आणि माशांच्या विणीच्या महिन्यांची वेगळी मर्यादा घालायला हवी.