जामखेडची आठवड्याची बैठक

चाकणच्या कारखान्यांत पाळी बदलतांना जाणारा कामगार येणाऱ्यास यंत्राची खोड दोन शब्दांत सांगून जातो. ही देवघेव इतकी सहज होते कीं तिला कोणी शिक्षण म्हणत नाहीं. खेड्यांत एकट्यानें काम करणाऱ्या समाजसेवकास मात्र असा सोबती कोठून मिळावा? आमच्या मतें या प्रश्नाकडे आपलें लक्ष फार उशिरां गेलें. गोखल्यांनीं 1905 सालीं पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला. 1936 सालीं मुंबईस टाटांच्या नांवें समाजकार्याची पाठशाळा निघाली. दोहोंचे उपकार मोठे. पण दोहोंची दृष्टि मुख्यतः सुशिक्षित तरुणावर होती.

जामखेडच्या दुष्काळी मुलखांत डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे 1970 सालीं आले. प्रथम त्यांनीं शिकलेल्या परिचारिका गांवोगांव पाठवून पाहिल्या. परंतु परक्या बायांवर गांवाचा विश्वास बसेना. तेव्हां गांवानेंच आपल्यांतील एक बाई निवडावी असें ठरलें. निवडल्या गेल्या त्या बहुतेक निरक्षर, कित्येक दलित.

या बाया दर आठवड्यास दोन दिवस जामखेडास येत. डॉक्टर एखादा विषय शिकवीत हें खरें. पण बैठकीचा गाभा निराळाच होता. कोणाचें मूल जुलाबानें कोमेजलें, मीठसाखरेचें पाणी पाजण्यास सासू कां अडून बसली, तिला अखेर कसें वळविलें, हें एकीनें सांगावें आणि बाकीच्यांनीं आपापल्या गांवाशीं ताडून पाहावें. सासूची समजूत घालण्याची विद्या वैद्यकाच्या कोणत्या ग्रंथांत आहे? त्या एकत्र जेवत, एकत्र निजत. आम्हां शहरवासीयांस ही गोष्ट क्षुल्लक वाटेल; पण सवर्ण बायांस आरंभीं तीच जड गेली. जिच्या शेजारीं बसून घास उतरत नाहीं, तिच्याकडून शिकणार तरी काय?

1971 सालीं या भागांत हजार जन्मांमागें 176 अर्भकें वर्षाच्या आंत दगावत. पुढील दोन-अडीच दशकांत हा आंकडा तिसाच्या खालीं आला. पाणी, अन्न, शेतीसुधारणा यांचाही त्यांत वांटा आहे. सारें श्रेय बैठकीस देणें अन्यायाचें होईल. 1979 सालीं आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

2005 सालापासून सरकारनें देशभर ‘आशा’ नेमिल्या. चाकणच्या आसपासच्या गांवांतही त्या दारोदार हिंडतात. बाई गांवचीच हवी, हें तत्त्व मान्य झालें. पहिल्या वर्षाच्या शिक्षणास 23 दिवसही नेमून दिले. आठवड्याची बैठक मात्र त्या योजनेंत आली नाहीं.