तुटायचं कोणी? ट्रॅक्टरच्या हिचचा इतिहास

शेतीच्या इतिहासावर संशोधन करायचं म्हटलं की आपण आधी गॅझेटियर, सातबारा आणि सरकारी अहवाल गाठतो. ते हवेतच. पण अमरावती-अकोल्याकडे काम करणार असाल, तर ट्रॅक्टरच्या मागची हिच एकदा वाकून बघा. तिच्यावरची झीज आणि वेल्डिंगचे टाके हासुद्धा पुरावाच आहे. त्याला विचारायचा प्रश्न साधा आहे: अवजार अडलं, तर तुटायचं कोणी?

आधी बैलांचा काळ घ्या. वखराची पास मुळीत अडली की बैल थांबायचे. झटका जास्त बसला तर लाकूड मोडायचं. सुतार ते बदलून द्यायचा, लोहार पास शेवटून द्यायचा आणि बलुत्याच्या रीतीने दोघांना सुगीत धान्य मिळायचं. म्हणजे नुकसान लाकडावर यायचं आणि दुरुस्ती गावातच व्हायची.

ट्रॅक्टर असा थांबत नाही. १९१७ पासून विकल्या गेलेल्या फोर्डसनच्या मागे नांगर नुसता ओढत नेत. तो अडला की ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जाई आणि कधीकधी तो चालकावरच उलटे. बेलफास्टच्या हॅरी फर्ग्युसनने यावर उपाय काढला: खाली दोन लिंक, वर एक टॉपलिंक. जमिनीचा विरोध वाढला की टॉपलिंकवर दाब येतो आणि त्या इशाऱ्यावर हायड्रॉलिक अवजार किंचित उचलतं. १९२६ मध्ये त्याला पेटंट मिळालं, १९३९ मध्ये फोर्डच्या ट्रॅक्टरवर ही जोडणी आली. पुढे दोघांत कोर्टकचेरी झाली आणि १९५२ मध्ये फोर्डने ९२.५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. फर्ग्युसनची कंपनी १९५३ मध्ये मॅसी-हॅरिसमध्ये मिसळली. त्याच मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने १९६० मध्ये मद्रासला 'टॅफे' उभी राहिली.

इथवरचा इतिहास शोधाचा. वऱ्हाडातला इतिहास वापराचा आहे. उन्हाळ्यात काळी जमीन तडकून दगडासारखी होते आणि त्यातच पलटी नांगर चालतो. नांगर जमिनीतच ठेवून ट्रॅक्टर वळवला की खालच्या लिंक वाकतात. चेकचेन ढिल्या असल्या तर अवजार डावी-उजवीकडे आदळतं. २८ मिलिमीटरच्या भोकात २२ मिलिमीटरची पिन घातली, तर प्रत्येक हिसक्याला भोक लांबट होत जातं. त्या पिनवर योग्य बुश चढवला की हे टळतं.

आता मूळ प्रश्नाकडे या. अनेक नांगरांना शिअर बोल्ट असतो. तो तुटण्यासाठीच ठेवलेला आहे, जुन्या लाकडाच्या जागी. काम खोळंबू नये म्हणून तिथे जास्त कडक बोल्ट ठोकला, की तो तुटत नाही आणि झटका पुढे सरकतो: नांगराच्या फ्रेमवर, लिंकवर, शेवटी हायड्रॉलिकच्या बिडाच्या घरापर्यंत. काही रुपयांची वस्तू वाचते आणि ऐन हंगामात ट्रॅक्टर उभा राहतो.

दुरुस्तीतही हेच. वाकलेली लिंक तापवून सरळ केली तर दिसायला ठीक दिसते, पण पोलादाची मूळ ताकद जाते. ती बदललेलीच बरी. झिजलेला बॉलजॉइंटही बदलावा. बिडाला तडा गेला असेल, तर साध्या वेल्डिंगने तो शेजारी पुन्हा फुटू शकतो. आणि चिखलात फसलेलं वाहन ओढताना टॉपलिंकच्या जागी साखळी कधीच बांधू नये. ओढ मागच्या आसाच्या वरून लागते, ट्रॅक्टर मागे उलटतो आणि चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. ओढायचं ते खालच्या ड्रॉबारलाच.

तुम्ही फील्डवर जाल तेव्हा तालुक्याच्या वेल्डिंगच्या दुकानात एक दिवस बसा. वहीत तीन रकाने आखा: कोणता भाग तुटला, तो कोणता भाग न तुटल्यामुळे तुटला, आणि पैसे कोणी दिले, मालकाने, चालकाने की भाड्याने नांगरून घेणाऱ्याने? पहिला रकाना मेकॅनिक भरून देईल. तिसऱ्यासाठी तुम्हाला शेतापर्यंत जावं लागेल, आणि बलुत्यापासून रोख पैशापर्यंतचा बदल तिथेच सापडेल.