राष्ट्रीय शस्त्रकरार, ऑस्ट्रेलिया (१९९६)

टास्मानियातील पोर्ट आर्थर येथे २८ एप्रिल १९९६ रोजी एका बंदूकधाऱ्याने ३५ जणांचा बळी घेतल्यानंतर, पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने अवघ्या बारा दिवसांत सर्व राज्यांकडून मान्य करवून घेतलेला करार. शस्त्रविषयक कायदे करण्याचा अखत्यार तेथे राज्यांकडे असल्याने ही एकवाक्यता घडवणे मोठ्या राजकीय धैर्याचे काम होते.

करारान्वये अर्धस्वयंचलित रायफली सर्वसामान्यांना वर्ज्य ठरल्या. प्रत्येक शस्त्राची नोंदणी, खरेदीपूर्वी २८ दिवसांची प्रतीक्षा आणि परवान्यासाठी सबळ कारण आवश्यक झाले, व त्यात आत्मसंरक्षण हे कारण नामंजूर ठरले. आरोग्यविमा-करात तात्पुरती वाढ करून उभारलेल्या निधीतून मोबदला देऊन सुमारे साडेसहा लाख शस्त्रे सरकारजमा करून नष्ट करण्यात आली.

परिणामांचे मूल्यमापन मात्र नाजूक आहे. पाच किंवा अधिक बळींची व्याख्या धरल्यास करारापूर्वीच्या अठरा वर्षांत बंदुकीने तेरा हत्याकांडे घडली, आणि त्यानंतर २०१८ मधील ऑस्मिंग्टन येथील गोळीबारापर्यंत एकही नाही. व्याख्या चार बळींवर आणली की २०१४ मधील एक गोळीबारही गणनेत येतो. बंदुकीने होणारे मृत्यू आधीपासूनच घटत होते आणि करारोत्तर ही घट वेगावली, परंतु इतर साधनांनी होणारे मृत्यूही त्याच काळात कमी झाल्याने तिचे संपूर्ण श्रेय कराराला देता येत नाही. तथापि हत्याकांडांतील दीर्घ खंड केवळ योगायोग मानणे प्रस्तुत लेखकास युक्त वाटत नाही. अंमलबजावणीत राज्यांनी पुढे सवलती दिल्या. देशव्यापी शस्त्रनोंदवहीस सर्व राज्यांची संमती मिळण्यास २०२३ साल उजाडले.