मंगळावरची माणसं आणि क्विटोची आग

गेल्या वर्षभरापासून मला एक नाद लागलाय. इशाची नमाज झाली, वह्या तपासून झाल्या, घरातले झोपले, की कानात इअरफोन घालून मी जुन्या अमेरिकन रेडिओवरच्या भीतीच्या श्रुतिका ऐकत पडतो. मी ‘हवामहल’ ऐकत वाढलेल्या पिढीतला. अब्बांच्या ट्रान्झिस्टरवर रात्री नाटिका लागली की आम्ही भावंडं भोवती गोळा व्हायचो. त्यामुळे ही चव नवी नाही, भाषा तेवढी नवी. अर्धी इंग्रजी डोक्यावरून जाते, पण भीतीला भाषांतर फारसं लागत नाही.

सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं तर मी ‘सॉरी, राँग नंबर’ सांगेन. ‘सस्पेन्स’ ही मालिका सीबीएसवर १९४२ पासून १९६२ पर्यंत, म्हणजे वीस वर्षं चालली. तिच्यात ही श्रुतिका २५ मे १९४३ला पहिल्यांदा लागली. लेखिका ल्युसिल फ्लेचर. अंथरुणाला खिळलेली एक बाई नवऱ्याच्या ऑफिसला फोन लावते, लाईन क्रॉस होते आणि दोन माणसं एका बाईचा खून ठरवताना तिला ऐकू येतात. पुढचा अर्धा तास ती ऑपरेटरला, पोलिसांना, दवाखान्याला फोन लावत राहते. सगळे सभ्यपणे बोलतात, कुणीच ऐकून घेत नाही. अ‍ॅग्नेस मूरहेड या नटीने ही कटकटी, हेकट बाई अशी उभी केलीय की आधी तिचा राग येतो, मग तिच्यासाठी घसा कोरडा पडतो. शेवट सांगत नाही. सरकारी कार्यालयात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवला गेलेला माणूस ही श्रुतिका नीट समजेल.

‘लाइट्स आउट’ त्याआधीची, १९३४ची, शिकागोहून मध्यरात्री लागणारी. तिथे मुंडकं उडवायचं असेल तर माइकसमोर कोबीचा गड्डा सुरीने कापत. हे कळल्यापासून बायको कोबी चिरायला बसली की मी हसतो आणि ती विचारते, काय झालं? कथा मात्र पुष्कळदा भडक. आवाज बाजूला काढला तर हातात फार काही उरत नाही.

पण या सगळ्यांत ज्याचं नाव झालं तो कार्यक्रम भीतीच्या मालिकेतला नव्हताच. ३० ऑक्टोबर १९३८, रविवार, रात्री आठ. तेवीस वर्षांच्या ऑर्सन वेल्सच्या मंडळीने एच. जी. वेल्सच्या १८९८च्या कादंबरीवरून ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ सादर केलं. युक्ती अशी की नाटक बातम्यांच्या रूपात. नाचाचं संगीत चालू आहे, मध्येच निवेदक येतो, न्यू जर्सीतल्या ग्रोव्हर्स मिल गावात काहीतरी पडलंय म्हणतो, पुन्हा संगीत. मग घटनास्थळावरून बातमीदार. हे काम करणाऱ्या फ्रँक रेडिकने आदल्या वर्षी हिंडेनबर्ग हे हवाई जहाज जळताना एका बातमीदाराने केलेलं ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकलं होतं. तो बोलता बोलता मध्येच तुटतो. नंतर काही सेकंद काहीच नाही. नुसती शांतता. मी अनेकदा ऐकलंय, तरी त्या जागी हात मोबाइलकडे जातो, बॅटरी संपली की काय! उत्तरार्ध मात्र संथ आहे. तिथे मला एकदा झोपही लागली.

आता आपण सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट अशी, की त्या रात्री सगळी अमेरिका घरदार सोडून रस्त्यावर पळाली. मीही वर्गात अनेक वर्षं हेच सांगत आलो. वाचायला लागल्यावर पाय जमिनीवर आले. त्याच रात्री हूपर कंपनीने सुमारे पाच हजार घरांत फोन करून विचारलं होतं, तुम्ही काय ऐकताय? वेल्सचं नाटक ऐकणारे निघाले दोन टक्के. बहुतेक लोक दुसरीकडे एडगर बर्गन या शब्दभ्रमकाराला ऐकत होते. (आपल्या अर्धवटरावाचा खेळ डोळ्यांनी न बघता रेडिओवर ऐकायचा, ही मला मंगळापेक्षा अजब गोष्ट वाटते.) काही लोक घाबरले हे खरं. प्रिन्स्टनच्या हॅडली कँट्रिलने त्यांच्या मुलाखती घेऊन १९४०मध्ये पुस्तक लिहिलं. त्यातल्या काहींना तर मंगळ ऐकूच आला नव्हता. महिन्यापूर्वीच युरोपात म्युनिकचा पेच होऊन गेलेला, त्यामुळे ‘हल्ला’ म्हणताच त्यांना जर्मन दिसले. माणूस बाहेरून आलेल्या आवाजात आपली घरातली भीती भरतो, ती अशी. पण देशभर पळापळ झाली हे ठरवलं दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी. रेडिओ त्यांच्या जाहिराती खात होता. हे यंत्र बेजबाबदार आहे असं दाखवायची इतकी सोयीची बातमी ते का सोडतील?

म्हणजे अफवेबद्दलची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट स्वतःच बरीचशी अफवा. उर्दू शिकवताना मी मुलांना सांगतो, हा शब्द मूळ अरबी ‘अफवाह’, आणि त्याचा अर्थ ‘तोंडं’. एक तोंड नव्हे, अनेकवचन.

खरी आग दुसरीकडे लागली. १२ फेब्रुवारी १९४९, इक्वेडोरची राजधानी क्विटो. तिथल्या रेडिओ क्विटोने हेच नाटक स्पॅनिशमध्ये केलं. गाण्याचा कार्यक्रम तोडून बातमी दिली, जवळपासच्या गावांची नावं घातली, अधिकाऱ्यांचे आवाज काढले. लोक खरोखर रस्त्यावर आले. मग केंद्राने सांगितलं की हे नाटक होतं. भीतीत कुणी मेलं नव्हतं, ते या खुलाशानंतर मेले. फसवले गेलो या संतापात जमावाने ‘एल कोमेर्सिओ’ वर्तमानपत्राची इमारत पेटवली, कारण रेडिओ केंद्र त्याच इमारतीत होतं. निदान सहा माणसं गेली.

हे वाचलं त्या रात्री मला २०१८चा जुलै आठवला. १ तारखेला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं होतं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसं. त्या आठवड्यात आमच्या शाळेत मधल्या सुट्टीतच पालक मुलांना न्यायला येत होते. फाटकाशी एक फकीर नेहमी बसायचा, लोबान घेऊन. मुख्याध्यापकांनी मला त्याच्याकडे पाठवलं, चार दिवस येऊ नका म्हणून सांगायला. मी सांगितलं. “चाचा, काही दिवस घरीच राहा.” त्याने काही विचारलं नाही. धूपदान उचललं, झोळी खांद्यावर टाकली आणि गेला.

तो पुन्हा त्या फाटकाशी बसला नाही.