पानाच्या उजेडातून पिकाची नाडीपरीक्षा

कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांच्या काठचा शिरोळ तालुका कोल्हापूर जिल्ह्यातील सुपीक भाग म्हणून ओळखला जातो. मात्र याच तालुक्यातील बरेच क्षेत्र क्षारपड झालेले आहे. भारी काळी जमीन, पाण्याचा अतिवापर आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे भूजलाची पातळी वर येते. पाण्याची वाफ होऊन जाते आणि क्षार मुळांच्या थरात साठून राहतात. अशा जमिनीतील ऊस सुरुवातीला हिरवागार दिसू शकतो. पानांच्या कडा करपू लागल्या, पेरी आखूड राहिली, की मग नुकसान ध्यानात येते. आडसाली ऊस तोडणीस येण्यास सुमारे दीड वर्ष लागते. म्हणजे निवडलेला वाण त्या जमिनीस मानवला नाही, हे शेतकऱ्यास पुरते कळेपर्यंत दीड वर्षाचे पाणी, खत आणि कर्ज खर्ची पडलेले असते. पिकाला होणारा त्रास डोळ्यांना दिसण्यापूर्वी ओळखता आला, तर हा काळ वाचू शकतो. त्यासाठी जगभर वापरली जाणारी एक पद्धत म्हणजे हरितद्रव्याच्या प्रतिदीप्तीचे मापन.

प्रतिदीप्ती म्हणजे काय?

पानातील हरितद्रव्याने शोषलेल्या प्रकाशऊर्जेला तीन वाटा असतात. पहिली वाट प्रकाशसंश्लेषणाची. तिच्यातून पुढे साखर तयार होते. दुसरी वाट उष्णतेची. जास्त झालेली ऊर्जा पान उष्णतेच्या रूपाने टाकून देते. उरलेली ऊर्जा, शोषलेल्या प्रकाशाच्या सुमारे एक ते दोन टक्के, पान तांबड्या प्रकाशाच्या रूपाने परत बाहेर टाकते. हीच प्रतिदीप्ती, प्रयोगशाळेत तिला फ्लुरोसन्स म्हणतात.

हा तांबडा उजेड घरीही पाहता येतो. पालकाची पाने स्पिरिटमध्ये चुरगाळून तो हिरवा अर्क गाळून घ्यावा आणि नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली धरावा. अर्क गडद तांबडा दिसू लागतो. अर्कात ऊर्जेचा उपयोग करून घेणारी यंत्रणा मोडलेली असल्याने हा उजेड ठळक असतो. जिवंत पानात ती यंत्रणा सुरू असते, म्हणून तेथे तो अतिशय मंद असतो. पानाचे काम बिघडले की या मंद उजेडाचे प्रमाण बदलते, आणि मापनाचा सारा आधार हाच आहे. हान्स काउट्स्की आणि ए. हिर्श या जर्मन शास्त्रज्ञांनी १९३१ मध्ये दाखवून दिले, की अंधारात ठेवलेले पान उजेडात आणताच त्याची प्रतिदीप्ती झपाट्याने वाढते आणि प्रकाशसंश्लेषण सुरळीत होऊ लागताच पुन्हा उतरते. त्यांनी हा बदल नुसत्या डोळ्यांनी टिपला होता.

मापन कसे करतात?

पानाला एक लहान चिमटा लावून तेवढा भाग वीस ते तीस मिनिटे अंधारात ठेवला जातो. नंतर अगदी मंद प्रकाशात मिळणारी किमान प्रतिदीप्ती मोजतात. तिला एफओ म्हणतात. पाठोपाठ सेकंदभराचा किंवा त्याहून कमी वेळाचा अतिशय तीव्र प्रकाशझोत टाकून कमाल प्रतिदीप्ती मोजली जाते, ती एफएम. या दोहोंतील फरक म्हणजे एफव्ही. त्याला एफएमने भागले, की प्रकाशप्रणाली दोन या यंत्रणेची कमाल कार्यक्षमता मिळते.

समजा, एफओ २०० आणि एफएम १००० आहे. फरक ८०० आणि भागाकार ०.८० येईल. ताण पडल्यावर त्याच पानाचा एफओ २४० आणि एफएम ६०० झाला, तर भागाकार ०.६० वर उतरेल. बहुतेक निरोगी वनस्पतींत हा आकडा ०.८३ च्या आसपास असतो. या मापनात पान तोडावे लागत नाही. त्यामुळे तेच पान आठवड्यामागून आठवडे तपासता येते आणि शेकडो रोपांची तुलना काही दिवसांत होऊ शकते.

उष्णतेचा ताण मोजताना पान हळूहळू तापवत नेतात. ज्या तापमानाला एफओ एकाएकी वर चढतो, तेथे त्या पानाची सहनशक्ती संपली असे समजले जाते, आणि त्यावरून दोन वाणांची तुलना करता येते. पुराच्या ताणासाठीही ही पद्धत उपयोगी आहे. कटक येथील राष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पाण्याखाली तग धरणाऱ्या भातवाणांच्या अभ्यासात ती वापरली आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत उभा ऊस बुडालेला पाहिलेल्या कोल्हापूरकरांना तिचे महत्त्व निराळे सांगावयास नको. पूर ओसरताच चिखलाने माखलेले, अंधाराला सरावलेले पान अचानक कडक उन्हात येते. ते सावरते आहे की नाही, याचा अंदाज प्रतिदीप्तीवरून घेता येतो.

आकडा कोठे फसवतो?

तापमापक ताप आहे एवढेच सांगतो, रोग सांगत नाही. तसेच या आकड्याचेही आहे. तो घसरण्याचे कारण क्षार, उष्णता, थंडी, नत्राची कमतरता किंवा रोग यांपैकी काहीही असू शकते. दुसरे असे, की भर दुपारच्या उन्हात निरोगी पानाचाही आकडा काही काळ खाली येतो आणि सायंकाळी पुन्हा वर जातो. म्हणून सर्व वाणांचे मापन एकाच वेळी, शक्यतो पहाटे करावे लागते.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा तिसरी. पाण्याची टंचाई किंवा क्षारता सुरू झाली, की पान प्रथम आपली पर्णरंध्रे मिटून घेते. हवेतील कार्बन डायऑक्साइड आत येणे कमी होते आणि पिकाची वाढ मंदावते. परंतु प्रकाशप्रणाली दोन तोवर शाबूत असल्याने एफव्ही आणि एफएमचा भागाकार फारसा हलत नाही. म्हणजे आकडा उत्तम आणि उतारा मात्र घटलेला, असे घडू शकते. म्हणूनच अभ्यासक केवळ या एका आकड्यावर विसंबत नाहीत. उजेडात काम करीत असलेल्या पानाची कार्यक्षमता, पहिल्या सेकंदात प्रतिदीप्ती चढत जाण्याचा आलेख आणि पर्णरंध्रांचे मापन हेही ते विचारात घेतात. उसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. उसाच्या पानाची रचना गहू-भातापेक्षा वेगळी असल्याने निरोगी उसाचा आकडाही ०.८३ पेक्षा थोडा कमी येऊ शकतो. त्यामुळे तुलना पुस्तकातील आकड्याशी न करता शेजारच्या निरोगी उसाशीच करणे योग्य.

कोल्हापूर आणि क्षारतेचा अभ्यास

क्षारता आणि प्रकाशसंश्लेषण यांच्या संबंधाचा अभ्यास कोल्हापूरला नवा नाही. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील प्रा. जी. व्ही. जोशी यांनी या विषयावर केलेल्या कामाचा प्रकल्प अहवाल १९७६ मध्ये विद्यापीठाकडून प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या क्षारांना ऊस कसा प्रतिसाद देतो, याविषयी जोशी व जी. आर. नाईक यांचा शोधनिबंध १९८० मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. अजैविक ताणाच्या अभ्यासासाठी बारामतीजवळ माळेगाव येथे २००९ मध्ये राष्ट्रीय संस्थाही स्थापन झाली.

ऊस क्षारांना बऱ्यापैकी संवेदनशील आहे. सर्वमान्य कोष्टकांनुसार मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता १.७ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली, की त्याचे उत्पादन घटू लागते. तरीही सर्व वाण सारखे नसतात. पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राने विकसित केलेला आणि २००७ मध्ये प्रसारित झालेला फुले २६५ हा वाण क्षारपड जमिनीत तुलनेने तग धरणारा म्हणून शेतकऱ्यांना परिचित आहे. असा वाण निवडण्यास अनेक हंगामांच्या चाचण्या लागतात. प्रतिदीप्तीचे मापन या चाचण्यांची जागा घेऊ शकत नाही. मात्र शेकडो रोपांतून आशादायक अशी थोडी रोपे सुरुवातीलाच वेगळी काढण्यास त्याची मदत होते. अंतिम निकाल वजनकाट्यावरील टनेज आणि साखर उताराच देतो.

शेतकऱ्याने हे महागडे उपकरण विकत घ्यावे, असे सुचवण्याचा हेतू नाही. त्याच्यासाठी माती-पाणी परीक्षण, बेताचे पाणी आणि चर किंवा जमिनीखालील सच्छिद्र पाइपांद्वारे निचरा हेच पहिले उपाय आहेत. सहनशील वाण क्षार सोसतो, जमिनीतून काढून टाकत नाही. पानाचा तो मंद तांबडा उजेड पीक अडचणीत असल्याचे वेळेवर सांगू शकतो. ती अडचण दूर करण्याचे काम मात्र मुळांखालच्या जमिनीतच करावे लागते.