कैसराची मुद्रा आणि मावळचे यवन

लोणावळ्याहून जुन्या रस्त्याने पुण्याकडे निघाले की डाव्या हाताला कार्ल्याचा डोंगर दिसतो. एकवीरेच्या दर्शनाला जाणारी गर्दी ज्या चैत्यगृहाजवळून पुढे सरकते, त्याच्या स्तंभांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकटचे काही ‘यवन’ आहेत. सिहधय नामक यवनाने एक स्तंभ दिला. यवन म्हणजे मूळचे ग्रीक. पुढे पश्चिमेकडील इतरांनाही हा शब्द लागू झाला.

कोकणची बंदरे आणि दख्खनचे पठार यांना जोडणारी बोरघाटाची वाट मावळातूनच जाते. भडोच बंदरी रोमन सोन्याचांदीची नाणी उतरत व स्थानिक चलनाशी त्यांची अदलाबदल नफ्याची ठरे, असे पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ सांगतो. हिंदुस्थान दरसाल पाच कोटी सेस्टर्शियस ओढून नेतो, ही प्लिनीची कुरकुर तर प्रसिद्धच आहे.

या नाण्यांवर होते तरी काय? तिबेरिय कैसराचे (इ. स. १४ ते ३७) नाणे पाहू. सोन्याचा ऑरियस आणि चांदीचा दीनार यांवर छाप एकच. एका बाजूस कैसराचे मस्तक व ‘दिव्य ऑगस्टसचा पुत्र’ हे बिरुद. दुसऱ्या बाजूस राजदंड व डहाळी धरून बसलेली स्त्री आणि ‘महायाजक’ ही पदवी. (हीच लॅटिन पदवी पुढे पोपमहोदयांच्या नाण्यांवर आली, हा इतिहासाचा विनोदच!) ही स्त्री म्हणजे शांतिदेवता पाक्स, तिच्या रूपात राजमाता लिविया आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. यरुशलेमच्या मंदिरात प्रभू येशूने जे नाणे मागवून त्यावरील मुखवट्याविषयी विचारले, ते याच छापाचे असावे असा सर्वसाधारण समज आहे.

तिबेरियाची नाणी दक्षिण भारतात विपुल सापडली. येथे मात्र त्या देवतेला कोणी देवता मानले नाही. कित्येक नाण्यांवर कैसराच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव आहे. कित्येकांना गळ्यात घालण्यासाठी भोके पाडलेली आहेत. तेर येथे तर रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती मिळाल्या. आपल्या आजीच्या पुतळ्यांच्या माळेची जातकुळी हीच. तिच्या मुळाशी व्हेनिसची मोहर आहे असे मानतात. त्या मोहरेवर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख आणि मागे स्वतः प्रभू येशू. आपल्याकडे ती नुसती ‘पुतळी’ झाली.

कार्ल्याच्या भिक्षूंना करजिक गाव देणारा उषवदात हा क्षत्रप नहपानाचा जावई. नाशिकच्या लेण्यात त्याने आपल्या दानाचा हिशेब कोरून ठेवला आहे: ७०,००० कार्षापण, म्हणजे ३५ चा एक या दराने २,००० सुवर्ण. त्या सुवर्णांवर कोणाचे मुख होते, हे सांगण्याची त्याला गरज वाटली नाही.