ऑक्सिजनपूर्व विदारण

पृथ्वीच्या वातावरणात मुक्त ऑक्सिजन साठण्यापूर्वी, सु. २४० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत, भूपृष्ठावरील खनिजांचे झालेले रासायनिक विघटन. कार्बन डाय-ऑक्साइड पाण्यात विरघळून बनणारे कार्बॉनिक अम्ल हा त्यातील मुख्य कारक. फेल्डस्पारांचे मृद्खनिजांत रूपांतर आजच्यासारखेच होई (पहा : केओलीन). फरक पडे तो लोहात. ऑलिव्हीन व पायरोक्सीन यांतून सुटलेले फेरस लोह गंजून जागीच न साचता पाण्याबरोबर वाहून जाई. त्यामुळे तांबडा थर बनत नसे (पहा : जांभा). पश्चिम ऑस्ट्रेलियातील माउंट रो बेसाल्टावरील सु. २७७ कोटी वर्षांपूर्वीच्या पुरामृदेचा वरचा भाग असाच लोहाला मुकलेला आहे.

हवेत टिकू न शकणारी खनिजेही तेव्हा नदीपात्रांतून वाहत. दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँडच्या पिंडाश्मांत सोन्याच्या जोडीला पायराइट व युरॅनिनाइट यांचे कण आढळतात. ते उष्ण द्रावांतून नंतर जमले, असेही मत आहे. मात्र अनेक कणांची घासून आलेली गोलाई प्रवाहाकडे बोट दाखवते.

अशा कणांवरून तत्कालीन ऑक्सिजनची कमाल मर्यादा ठरविता येते. समुद्रात पोहोचलेल्या लोहाचा काही वाटा पट्टित लोहशैलांत गेला (पहा : लोह धातुके).